पानाकाकांनी न केलेल्या दुरुस्त्या

सहाशे मुलगे आणि एक मिस्त्री, हे गणित ज्यानं कुणी मांडलं त्याला स्वतःला मुलगे नसावेत. दार उघडायला हात असतात हे मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत उमगत नाही, तोवर तो खांद्यानं भागवतो. नळ बंद करताना तो नळाचा गळा आवळतो आणि वर स्वतःच जाऊन सांगतो की नळ ठिबकतोय. बाकावर तो बसतो फार कमी. उभा राहतो, आडवा पडतो, घोडा करून हाकतो. अशा सहाशे जणांच्या मागं पाना, पक्कड आणि हातोडी घेऊन फिरणारा जो एक माणूस त्या शाळेत होता त्याला सगळे पानाकाका म्हणत. सही करण्यापुरतं त्यांना दुसरं नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर काकांनी वळूनही पाहिलं नसतं.

बाविसाव्या वर्षी ते या शाळेत आले ते चाळीस बाक करून द्यायला. सहा आठवड्यांचं काम. चाळिसावा बाक पुरा होईपर्यंत पहिल्याचा पाय निखळला होता. तो ठोकेपर्यंत सातव्याची फळी उडाली. मग कुणीतरी म्हणालं, आलाच आहात तर तेवढी खिडकी बघा. असं बघता बघता चौतीस वर्षं झाली. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून नोकरीला परगावी गेली, काकांचे केस पिकले, पण चाळीस बाकांचं काम काही संपलं नाही.

जिन्याखाली त्यांची खोली होती. आत शिरताना वाकावं लागायचं, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं काका आता मुख्याध्यापकांच्या भल्यामोठ्या दारातूनही वाकूनच आत जायचे. नवीन शिक्षकांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे. खोलीच्या भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती निळ्या रंगानं रेखलेली होती. हातोडीच्या जागी हातोडीच, पटाशीच्या जागी पटाशीच. एखादं हत्यार जागेवर नसलं की निळी रेघ उघडी पडायची आणि काकांचं जेवणातलं लक्ष उडायचं. दाराला कुलूप मात्र नव्हतं. नुसती कडी होती, तीही जरा वर उचलून ढकललं की सुटायची. कानस आणि रंधा चोरून नेऊन कोण काय करणार होतं!

दाराबाहेर खिळ्याला तक्रारवही टांगलेली असे आणि तिच्यासोबत दोरीला बांधलेली पेन्सिल. शिक्षक घरी जाताना तिच्यात लिहीत. भूगोलाचे सर लिहीत, "तिसऱ्या क्रमांकाच्या नळातून जलधारा अखंड वाहत आहे." गणिताचे सर लिहीत, "९ ब. बाक. पाय." काम झालं की काका त्या ओळीपुढं बरोबरची खूण करत. त्यांच्या खुणेला वर लांबलचक शेपूट असायचं, पतंगाला असतं तसं, आणि ती खूण शाळेत सगळ्यांना ओळखू यायची.

आणखी एक खोड होती. स्क्रू पिळून झाला की त्याच्या डोक्यावरची खाच ते बरोबर उभी आणून सोडत. शाळेतल्या कुठल्याही कपाटाची, दाराची, बाकाची बिजागरी बघा, सगळ्या खाचा कवायतीला उभ्या असल्यासारख्या सरळ. का, म्हणून विचारलं तर सांगत, "आडव्या खाचेत धूळ बसते." खरी गोष्ट अशी की त्यांना ते बघायला बरं वाटायचं. जवळ उभं राहून टकामका बघणाऱ्या प्रत्येक पोराला ते हे ऐकवत, आणि पोरगं ऐकत नाही असं धरून चालून पुन्हा ऐकवत.

सकाळी सातला येऊन ते आधी मैदानाच्या कडेची पंपखोली उघडत, पंप चालू करत, दाराला कुलूप घालत आणि गच्चीवर जाऊन टाकीच्या कठड्यावर बसत. टाकी भरायला पाऊण तास लागायचा. भरली की खाली येऊन पंप बंद करायचा, पुन्हा कुलूप घालायचं, मग वही बघायची. पंपखोलीतच शाळेचा विजेचा मुख्य खटका होता. दारावर कवटी आणि दोन हाडं रंगवलेली होती. ती किल्ली काकांच्या कमरेच्या जुडग्यात असे, आणि रात्री जुडगा उशाखाली.

त्या वर्षी व्यायामाला नवे सर आले. छाती पुढं, आणि शिट्टी छातीच्याही पुढं. आल्या आल्या त्यांनी शाळेची शिस्त अंगावर घेतली आणि रोज शाळा भरायच्या वेळी तक्रारवही चाळायचा नेम धरला. काकांना बरंच वाटलं. इतक्या वर्षांत आपली वही कुणीतरी वाचतंय म्हणून त्यांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं.

आणि मग तो नळ आला.

आदल्या संध्याकाळी भूगोलाच्या सरांची जलधारा वहीत उतरलेली काकांनी वाचली होती. सकाळी टाकी भरून झाल्यावर ते खिशात वॉशर घालून मैदानाच्या कडेच्या बारा नळांपाशी गेले. तिसरा नळ कोरडा. उघडून पाहिला, बंद करून पाहिला. बंद केल्यावर टिपूस नाही. दुसरा असेल म्हणून दुसरा पाहिला, चौथा पाहिला, मग बाराही पाहिले. परत येऊन वही उघडली तर जलधारेपुढं बरोबरची खूण, शेपटासकट.

"केलं वाटतं काल जाता जाता," काका स्वतःशी म्हणाले आणि वॉशर डबीत ठेवून दिलं. वयाच्या छप्पनाव्या वर्षी एखादं वॉशर विसरायचा माणसाला हक्क असतो.

चार दिवसांनी नववी ब मधला बाक. पाय घट्ट, नवीन पट्टी मारलेली, पट्टीचे चारही स्क्रू उभ्या खाचेचे. काका उकिडवे बसून त्या चार खाचांकडे बघत राहिले. जगात हजार मिस्त्री असतील, पण खाच उभी ठेवायचं खूळ त्यांच्या माहितीत एकालाच होतं. तेव्हा हे काम आपलंच, यात शंका नव्हती. फक्त ते कधी केलं, हे काही केल्या आठवेना. खोलीत येऊन त्यांनी फळी पाहिली. पेचकस आपल्या निळ्या रेघेत मुकाट लटकत होता.

नंतर ग्रंथालयाच्या कपाटाचं दार. मग प्रयोगशाळेतल्या स्टुलाचा पाय. मग सातवीच्या वर्गाच्या खिडकीची कडी. दर वेळी तेच. काका हत्यारं घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे. वहीत खूण, फळीवर हत्यारं जागच्या जागी, खाचा उभ्या. मधेच एखादी तक्रार जशीच्या तशी उरलेली असायची, ती ते करत आणि खूण करत. आणि मग दोन दिवस त्यांना वाटे, चला, आपलं डोकं ठिकाणावर आलं. पुढच्याच आठवड्यात एखादा नळ त्यांना तोंडावर पाडायचा.

मुलांचा संशय त्यांना का आला नाही, असं कुणी विचारील. तर त्याचं असं आहे, की चौतीस वर्षांत त्यांनी मुलाला काहीही मोडताना पाहिलं होतं. घंटेचा लोलक मोडलेला पाहिला होता, भिंतीत पुरलेली लोखंडी कडी उपटलेली पाहिली होती. जोडताना एकालाही पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं असतं की मांजर पुस्तक वाचतंय, तर काका निदान बघायला तरी गेले असते. मुलं बाक दुरुस्त करतायत म्हटल्यावर ते जागचे हलले नसते.

शिवाय त्यांच्या मनात दुसरंच काही घर करून बसलं होतं. ते थोरल्या भावाचं.

दादा पोस्टमन होते. एकाच भागात एकतीस वर्षं पत्रं वाटली. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचं पत्र आलं की कोण रडतं, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांनी चहात दोनदा साखर घालायला सुरुवात केली. घरचे हसले. मग छत्री, चष्मा, भाचीचं नाव. मग एका दुपारी ते स्वतःच्याच दारात उभे राहून वहिनींना विचारू लागले, "बाई, हे घर कुणाचं? इथलं पत्र आहे माझ्याकडं." हातात काही नव्हतं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. शेवटची दोन वर्षं पानाकाकाच त्यांना आंघोळ घालत असत, आणि दादा दर वेळी मोठ्या अदबीनं त्यांचे आभार मानत, अनोळखी माणसाचे मानतात तसे.

काकांनी हे सगळं बायकोच्या कानावर घातलं. बायको शिवणकाम करायची आणि तिची जीभ तिच्या कात्रीइतकीच चालायची. तिनं मशीन थांबवलं.

"सकाळी काय खाल्लंत?"

"अंडं."

"परवा माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा ती काय म्हणाली?"

"ती अर्धा तास बोलत होती. त्यातलं तुलाच काय आठवतंय ते सांग."

"काही झालेलं नाही तुम्हाला," बायको म्हणाली. "लग्नाचा वाढदिवस विसरता ते पहिल्यापासून. त्याला रोग म्हणत नाहीत."

तरी तिनं त्यांना एक छोटी डायरी आणून दिली. केलेलं प्रत्येक काम लगेच लिहायचं, की प्रश्नच मिटला. काकांनी इमानेइतबारे लिहायला सुरुवात केली. दहा दिवसांनी तालमीच्या खोलीतल्या दोराचा आकडा नवा बसवलेला दिसला; वहीत खूण होती आणि डायरीत एक अक्षर नव्हतं. झालं! आता काका काम केल्याचं विसरत होते आणि लिहायचंही विसरत होते. डायरीनं त्यांचा गोंधळ दुप्पट केला. रस्त्यानं चालताना ते मनात सतरा ते तेवीसचे पाढे म्हणत. पाढे बिनचूक यायचे, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटायची, कारण दादांनाही शेवटपर्यंत पिनकोड बिनचूक यायचे.

पंपखोलीतली गोष्ट त्यानंतरची. तिथल्या फ्यूजच्या चिनीमातीच्या धारकाला तडा गेल्याचं त्यांना सोमवारी दिसलं होतं. घाईचं नव्हतं. शनिवारी शाळा लवकर सुटली की मुख्य खटका पाडून निवांत बदलू, असं त्यांनी ठरवलं आणि डायरीत लिहूनही ठेवलं. बुधवारी सकाळी कुलूप काढून आत गेले तर धारक नवा कोरा. जुन्याचे तुकडे कोपऱ्यातल्या डब्यात. काका भिंतीला टेकून उभे राहिले. इथं हात घालताना आपण खटका पाडला होता का? पाडला असेल तर परत चढवला कधी? आणि पाडला नसेल तर? बाक विसरला तर एखादं पोरगं धप्पकन बसेल, सगळे खो खो हसतील. इथला विसर कुणाच्या तरी जिवावर बेतला असता. सहाशे मुलं नळाला हात लावतात, त्या नळाचं पाणी याच पंपानं चढतं.

त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. तीन ओळींचा. प्रकृतीच्या कारणानं काम सोडत आहे, महिनाअखेर मोकळं करावं.

मुख्याध्यापक काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि त्यांना मान देऊन बोलायचे. अर्ज वाचून ते गोंधळले. "काका, अजून चार वर्षं आहेत तुमची. काय झालंय प्रकृतीला? मला तर धडधाकट दिसताय."

"वरून दिसतोय," काका म्हणाले.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दादाला दाखवलं होतं. मलाही तेच सांगतील."

मुख्याध्यापकांनी अर्ज खणात ठेवला आणि म्हणाले, "महिना संपायला अठरा दिवस आहेत. तोवर विचार करा."

काकांनी विचार केला नाही, कारण विचार करायची त्यांना भीती वाटत होती. त्यांनी फळीवरच्या निळ्या रेघांखाली हत्यारांची नावं लिहून ठेवली, नवा येईल त्याला कळावं म्हणून. बारा नळांची वॉशरं बदलली. घरी बायको मशीनवर नुसतीच बसलेली दिसायची, पायाखाली चाक थांबलेलं.

पाचव्या दिवशी सकाळी सातला पंप चालू केला आणि पाच मिनिटांत वीज गेली. टाकीवर बसून उपयोग नव्हता. काका गच्चीवरून खाली आले, आणि आठवीच्या वर्गावरून जाताना आतून त्यांना बोलणं ऐकू आलं.

"अजून जरा. अजून. आता थांब, वाकडी झाली."

"बरी आहे की!"

"बरी नाही चालत. उभी पाहिजे. काका लगेच ओळखतील."

काका दारात गेले. एका बाकाखाली दोन पाय बाहेर आलेले होते, लांबच लांब. ते लांबूचे होते, नववी ब मधल्या सगळ्यात उंच मुलाचे. त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून बॅटरीचा उजेड पाडणारा मुलगा होता त्याला शाळा चष्मा म्हणून ओळखत असे. त्याच्या मांडीवर काकांची पक्कड होती.

चष्म्यानं वर पाहिलं आणि बॅटरी त्याच्या हातातून पडली. लांबू उठायला गेला तो बाकावर डोकं आपटून पुन्हा आडवा झाला.

"काका, आम्ही नाही मोडला," चष्मा म्हणाला. हे वाक्य त्या शाळेत मुलाच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं.

"कधीपासून चाललंय हे?" काकांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

थोडं चाचरत, थोडं एकमेकांकडं बघत सगळं बाहेर आलं. व्यायामाच्या नव्या सरांनी नियम काढला होता. वहीतली जी तक्रार सकाळी बिनखुणेची दिसेल, ती कुणाची करणी ते शोधायचं. चोर सापडेपर्यंत त्या वर्गाचं मैदान बंद. नववी ब चं मैदान तीन आठवडे बंद झालं होतं, तेही दुसऱ्याच कुणीतरी मोडलेल्या नळासाठी. मग लांबूनं युक्ती काढली. काका टाकीवर असतात तोवर काम उरकायचं आणि खूण करून टाकायची. खूण असली की सर ती ओळ वाचतच नाहीत. पुढं इतर वर्गातली मुलंही यांच्याकडं अडचण घेऊन येऊ लागली.

"आणि माझी खूण? शेपूट कसं काढता?"

"ते काढावं लागत नाही काका. दोरी तोकडी आहे. खूण करायला गेलं की ती पेन्सिल वर ओढते. कुणीही केली तरी शेपूट येतंच."

काका मटकन बाकावर बसले. चौतीस वर्षं ज्या शेपटाला ते आपली सही समजत होते ते दोरीचं होतं. ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं राहिलं नाही. मुलं घाबरून एकमेकांना चिकटली. शिक्षा त्यांना समजली असती, ओरडा समजला असता. हे काय चाललंय ते त्यांना कळेना.

"अरे गाढवांनो," काका शेवटी डोळे पुसत म्हणाले, "पट्टी उलटी लावलीय. स्क्रूचं डोकं आत बसायला खोलगट बाजू असते ना? आण इकडं."

सरांना सांगू नका, अशी मुलांनी गयावया केली. काकांनी शब्द दिला, पण एका अटीवर: तालमीतल्या दोराला पुन्हा हात लावायचा नाही. तिथं पोरं लटकतात. ते काम आपलं.

दुपारी ते मुख्याध्यापकांकडं गेले, दारात वाकून, पण या खेपेला अंगात वारं भरल्यासारखे. "सर, अर्ज परत द्या. एक गैरसमज होता. तो मिटला."

"कसला गैरसमज?"

"तेवढं विचारू नका. मी शब्द देऊन बसलोय."

मुख्याध्यापकांना काही कळलं नाही, पण त्यांनी मोठ्या आनंदानं अर्ज फाडला आणि कपाळावरचा घाम पुसला. नवा मिस्त्री कुठून आणायचा या काळजीनं त्यांना पाच दिवस झोप नव्हती.

संध्याकाळी काका घरी गेले ते अर्धा जिना चढतानाच बोलायला लागले. लांबूचे पाय, चष्म्याची बॅटरी, दोरीचं शेपूट, सगळं रंगवून सांगितलं. बायको हसली, हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. काका बोटांवर मोजत होते. "नळ त्यांनी केला. बाक त्यांनी. ग्रंथालयाचं दार त्यांनी. स्टूल, खिडकी, तालमीतला आकडा, सगळं त्या कार्ट्यांनी! आणि मी वेडा पाढे म्हणत फिरतोय!"

सहा बोटं झाली. सातवं बोट त्यांनी धरलं आणि ते थांबले.

पंपखोलीला कुलूप होतं. किल्ली कमरेला होती. दुसरी किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, काकांच्याच सहीच्या बंद पाकिटात. ते पाकीट आज दुपारीच त्यांनी पाहिलं होतं, चिकटवलेलं जसंच्या तसं.

बायको आता हसत नव्हती. ती मशीनवरचं कापड विनाकारण सारखं करत होती.

"तू काही बोलत का नाहीस?" काकांनी विचारलं.

"काय बोलू?"

"तुला काही माहीत आहे."

तिनं कापड खाली ठेवलं. "त्या मंगळवारी तुम्ही उशिरा आलात," ती म्हणाली. "अंगठा कापला होता. मी पट्टी बांधली. कशानं लागलं विचारलं, तर म्हणालात, चिनीमातीची कड लागली, पंपखोलीतलं ते बदलून टाकलं आजच, शनिवारपर्यंत कशाला थांबायचं. खटका पाडून केलं, काळजी करू नको, असंही म्हणालात. जेवलात, झोपलात. आणि बुधवारी येऊन मलाच सांगायला लागलात, की कुणास ठाऊक ते कधी बदललं."

काकांनी अंगठा पाहिला. कडेला बारीक गुलाबी रेघ होती. मिस्त्र्याच्या हातावर अशा वीस रेघा असतात, कुठली कधीची ते कोण विचारतो.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला भीती वाटली," ती म्हणाली. तिचा आवाज कधी इतका लहान झालेला काकांनी ऐकला नव्हता. "वाटलं, मी बोलले तर ते खरं होईल. अर्ज दिलात तेव्हा वाटलं, बरं झालं, आता बोलायला नको. आज तुम्ही एवढे हसत आलात. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

काकांनी विचारलं, "खटका पाडला होता म्हणालो? नक्की?"

"नक्की."

"बरं झालं," काका म्हणाले, आणि त्यांना ते खरोखरच बरं वाटलं, इतकं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सकाळी शाळेत जाताना त्यांच्या मनात नाना विचार येऊन गेले. अर्ज फाटलेला होता. पंपखोलीचं कुणालाच माहीत नव्हतं. बायको बोलणार नव्हती. सातातली सहा मुलांनी केली म्हटल्यावर सातवं कोण विचारतो? एकदा विसरलं, एकदाच. तेवढं तर वॉशरच्या वेळी त्यांनी स्वतःला माफ केलंच होतं. रस्ता संपला तरी त्यांचं काही नक्की होईना. फाटकातून आत आले तेव्हा मैदानावर लवकर आलेली चार-पाच मुलं नळापाशी एकमेकांवर पाणी उडवत होती.

त्यांनी पंप चालू केला नाही. मुख्याध्यापक येईपर्यंत ते कचेरीबाहेर बाकावर बसून राहिले. मग आत गेले आणि जुडग्यातून एक किल्ली सोडवायला लागले. कडं घट्ट होतं, नख मोडलं.

"आता काय, काका?" मुख्याध्यापक धास्तावून म्हणाले. "मिटलं ना सगळं?"

"सहा मिटली, सर. एक राहिलंय." आणि त्यांनी पंपखोलीचं सगळं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. दादांचं सांगितलं, दारात उभं राहून घर विचारलं तेही. मुलांचं मात्र सांगितलं नाही, कारण तो शब्द त्यांच्या लक्षात होता.

मुख्याध्यापक किल्लीकडं बघत राहिले. "एका वेळेचं काय घेऊन बसलात? माझंही होतं असं. आणि खटका तर पाडला होतात."

"त्या वेळी पाडला होता." काकांनी किल्ली टेबलावर पुढं सरकवली. "विजेचं काम दुसऱ्याला द्या. बाक, नळ, खिडक्या मी बघतो. तिथं विसरलो तर पोरं हसतील, त्याला माझी ना नाही. डॉक्टरांकडंही जाऊन येतो, बायको येणार आहे सोबत."

"ठीक आहे," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी किल्ली उचलली, खणात ठेवली, पुन्हा बाहेर काढली, मग पुन्हा ठेवली.

काका उठले आणि दारापर्यंत जाऊन थांबले.

"सर, एक करा. मी किल्ली स्वतः आणून दिली, हे आत्ताच कुठंतरी लिहून ठेवा. मी सही करतो. उद्या कदाचित मीच भांडत येईन, माझी किल्ली कुणी घेतली म्हणून. खूप भांडेन. दादा भांडायचा. तेव्हा मला हा कागद दाखवा, आणि मी काहीही म्हणालो तरी किल्ली देऊ नका."

मुख्याध्यापकांनी कागद ओढला आणि वर तारीख घातली.